पूर, नोटबंदी, टाळेबंदी: अडचणीच्या काळात संस्थेचा कारभार कसा बदलावा

पूर आला म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत नाही. धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, नाहीतर कास सुजते. आणि काढलेलं दूध थंड केलं नाही तर चार-पाच तासांत नासायला लागतं. त्यामुळे ‘जरा निवळू दे, मग ठरवू’ असं दूध संस्थेला म्हणताच येत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात दूध संस्थेची सचिव आहे. २०१६ची नोटबंदी, २०१९चा महापूर, २०२०ची टाळेबंदी आणि पाठोपाठ २०२१चा पूर, या सगळ्यांत संकलन चालू ठेवताना आमची जी पद्धत बसली ती इथे लिहिते. पतसंस्था किंवा विकास सोसायटी चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल.

सगळ्यात आधी, काय बदलणार नाही ते ठरवा. आमच्याकडे अशा दोनच गोष्टी आहेत. मापाला आणि फॅटला (दुधातल्या स्निग्धतेला) सगळ्यांना एकच नियम, मग तो चेअरमनचा पाहुणा असो की एका म्हशीवर घर चालवणारी बाई. आणि दहा दिवसांचं बिल, म्हणजे घातलेल्या दुधाचे पैसे, ठरल्या तारखेला. संकलनाची जागा, वेळ, गाडी, कामाची माणसं यातलं काहीही बदलू शकतं. २०१९ला जनावरांच्या छावणीत संकलन सुरू केलं तेव्हा जागेबद्दल कुणी तक्रार केली नाही. बायकांचा प्रश्न एकच होता, “बिल निघणार न्हवं?” त्याला ठाम ‘हो’ म्हणता आलं, म्हणून बाकीचे बदल लोकांनी चालवून घेतले.

दुसरं, निर्णय आकड्याला बांधा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५. आमच्या ठराव पुस्तकात लिहिलेलं आहे: इशारा पातळीला दप्तर, संगणक आणि पशुखाद्याची पोती उंचावरच्या गावात जाणार. धोका पातळीच्या आधी मिल्क टेस्टर (फॅट मोजायचं यंत्र), बॅटरी आणि रिकामे कॅन. पाणी बघून ठरवायचं म्हटलं की प्रत्येकाचं पाणी वेगळं असतं. २०१९ला किती घरं शेवटपर्यंत हलली नाहीत, कारण २००५ला पाणी कुठवर आलं होतं याची खूण भिंतीवर होती आणि त्याच्या वर येत नाही असा विश्वास होता. २०१९ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्त मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं, की बाहेरून लोक स्नानाला येतात. आम्ही काठावरची माणसं त्या दिवशी हात जोडतो आणि घरी येऊन सामान आवरायला घेतो. संस्थेलाही तशी सवय लागली पाहिजे.

आता अधिकाराचं. पुरात संचालक मंडळाची सभा होत नाही. निम्मे संचालक पाण्याच्या पलीकडे, बाकीच्यांचे फोन बंद. म्हणून मे महिन्यातल्या सभेतच ठराव करून घ्या. चेअरमन, सचिव आणि गावाच्या उंच भागात राहणारा एक संचालक, यांतल्या कुठल्याही दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. किती रकमेपर्यंत खर्च करायचा आणि कशावर करायचा (डिझेल, गाडीभाडं, चारा, औषधं) तेही त्यातच लिहा. मुदत घालायला मात्र विसरू नका. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत हे अधिकार आपोआप संपतील आणि सगळा खर्च पुढच्या सभेपुढे येईल, असं स्वच्छ शब्दांत हवं. संकटात दिलेला अधिकार नंतर परत घेणं फार अवघड जातं. त्यातून गावात जी भांडणं लागतात ती पुरापेक्षा जास्त दिवस टिकतात.

छावणीतला खरा पेच फॅटचा. चारा बदललेला, जनावर घाबरलेलं, दूध आटलेलं. टेस्टर बॅटरीवर चालतो तोवर ठीक. बंद पडला तर काय? आमचा नियम असा की प्रत्येक उत्पादकाच्या आधीच्या दहा दिवसांच्या सरासरी फॅटवर आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) पैसे द्यायचे. यात कुणाचे दोन रुपये जास्त जातात, कुणाचे कमी. तरीही मला हाच मार्ग योग्य वाटतो. आधी सांगितलेला ढोबळ नियम माणसं मान्य करतात. नंतर काढलेला नियम कितीही अचूक असला तरी त्यावर संशय येतो.

बातमी एकाच माणसाने द्यायची आणि ठरलेल्या वेळीच द्यायची. आमच्याकडे सकाळी सातला आणि दुपारी चारला व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप जातो, कारण म्हातारी माणसं वाचत बसत नाहीत. रेंज नसेल तर छावणीतल्या स्पीकरवरून. जे ठरलेलं नाही तेही सांगा: “टँकर कुठल्या रस्त्याने येणार ते अजून ठरलेलं नाही, चारला सांगते.” आणि चारला सांगाच, काहीच ठरलं नसलं तरी. २०१९ला कोल्हापूरजवळच्या शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा टँकर येणार, नाही येणार, अशा बातम्या तासातासाला फिरत होत्या. लोक दूध ओतून द्यायच्या बेतात होते. ठरल्या वेळेचा निरोप होता म्हणून ते थांबले.

नोटबंदीचं संकट निराळं होतं, त्यात दूध होतं पण पैसे नव्हते. ८ नोव्हेंबरला घोषणा झाली आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. आमची सगळी बिलं जिल्हा बँकेतून रोखीने निघायची. बिल थेट खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. धार काढणारी, शेण उचलणारी, दूध घालायला येणारी बाई, आणि सभासद म्हणून नाव मात्र नवऱ्याचं. खाती काढताना आम्ही आग्रह धरला की जी दूध घालते तिचंही खातं काढा आणि बिल तिच्या नावावर करा. सगळ्या घरांनी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्या बायका आज स्वतःच्या सहीने पैसे काढतात, आणि मला याचा फार अभिमान आहे. अशा वेळी जुनी पद्धत मोडावीच लागते. नवी बसवताना आजवर कोण सुटलं होतं ते बघून घ्या.

टाळेबंदीत हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्या बंद झाल्या आणि दुधाचा उठाव पडला. राज्य सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. दर का पडला हे आम्ही फलकावर लिहून ठेवलं, लपवलं नाही. गर्दी टाळायला गल्लीवार वेळा ठरवल्या. टाळेबंदी उठल्यावर बायकांनीच सांगितलं की या वेळा राहू देत, रांगेत उभं राहायला लागत नाही. त्या आजही चालू आहेत. घरोघरी जाऊन दूध गोळा करणं मात्र बंद केलं, कारण पोरांवर फार ताण येत होता.

संकट सरलं की महिन्याच्या आत सभा घ्या. कुठले बदल ठेवायचे, कुठले बंद करायचे, पुढच्या वेळेसाठी काय हवं, एवढंच विचारा. आधी कॅन उचलणाऱ्या आणि टेस्टिंग करणाऱ्या पोरांना बोलू द्या, संचालक नंतर. त्यांच्या जादा कामाचे पैसे त्याच सभेत मंजूर करा. जनरेटरची सर्व्हिसिंग, नवी बॅटरी आणि दप्तराची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवणं, ही कामं नावानिशी वाटून मेअखेरची तारीख घाला.