ऑफरोड गाडीचे सस्पेन्शन अधिक लवचीक आणि तरीही स्थिर कसे करावे

ओबडधोबड वाटेवर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असताना चारही टायर जमिनीला टेकून राहिले, तरच इंजिनाची ताकद कामी येते. साधे डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) असलेल्या गाडीत अधांतरी राहिलेले चाक नुसते गरगरते आणि त्याच अ‍ॅक्सलवरच्या (डाव्या-उजव्या चाकांच्या आसावरच्या) दुसऱ्या चाकालाही तितकाच नगण्य जोर मिळतो. यावर उपाय म्हणून अनेक जण सर्वांत आधी उंच स्प्रिंगांचा संच बसवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. उंच स्प्रिंगा अनेकदा मूळ स्प्रिंगांपेक्षा कडक असतात, त्यामुळे चाकांची हालचाल वाढेलच असे नाही. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी कलंडण्याचा धोका मात्र नक्की वाढतो. म्हणून आहे त्या सस्पेन्शनला नेमके काय अडवते आहे, हे आधी शोधावे.

त्यासाठी मोजमाप लागते. 20 अंशांच्या उतरंडीवर एका बाजूचे पुढचे चाक हळूहळू चढवावे आणि कोणतेही चाक जमीन सोडण्याच्या बेतात येताच थांबावे. उतरंडीवर कापलेल्या अंतराला व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतराने) भागून 1000 ने गुणले, की गाडीच्या सस्पेन्शनच्या लवचीकतेचा निर्देशांक मिळतो. 2400 मिमी व्हीलबेसची गाडी 1200 मिमी चढली, तर तो 500 येतो. या आकड्याइतकेच लक्ष गाडीच्या कलण्याकडे द्यावे. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल परस्परविरुद्ध दिशांना तिरके झालेले असताना बॉडी साधारण दोहोंच्या मधोमध राहिली, तर दोन्ही टोके कामाचा वाटा उचलत आहेत असे समजावे. बॉडी मागच्या अ‍ॅक्सलबरोबरच झुकत असेल, तर पुढची बाजू मऊ आणि मागची ताठर आहे. अशा वेळी पुढची बाजू आणखी मोकळी केल्यास निर्देशांक कदाचित वाढेल, पण आडव्या उतारावर गाडी अचानक झुकेल.

हालचाल अडवणाऱ्या भागांत पहिला मान अँटी-रोल बारचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) आहे, कारण दोन्ही चाकांनी एकमेकांच्या विरुद्ध हलू नये हेच त्याचे काम असते. पुढच्या बारच्या लिंकना सहज सुटणारे जोड बसवावेत आणि अवघड टप्प्यापुरताच बार सोडवून, टायरला किंवा ब्रेकच्या होजला लागणार नाही असा वर बांधून ठेवावा. रस्त्यावर परतण्यापूर्वी तो पुन्हा जोडलाच पाहिजे. सोडवलेल्या बारने वेगात वळण घेणे धोक्याचे आहे.

त्यानंतर बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी अस्तर) तपासावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना, म्हणजे चाके लटकलेली असताना घट्ट केले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते, हालचालीला विरोध करते आणि लवकर फाटते. म्हणून हे सर्व बोल्ट सैल करून, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना, कंपनीने दिलेल्या टॉर्कनुसार पुन्हा आवळावेत. नवा भाग न लावता होणारी ही सुधारणा आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत गंजलेले पाटे एकमेकांवर घासून अडतात, त्यामुळे ते उघडून साफ करावेत आणि शॅकल (पाट्यांचे टोक चासीला जोडणारे हलते दुवे) मोकळेपणाने हलतात का, ते पाहावे.

लांब शॉक अ‍ॅब्झॉर्बर घेण्याची वेळ यानंतर येते. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत चासी भक्कम स्टँडवर टेकवून स्प्रिंगा काढाव्यात आणि अ‍ॅक्सल जॅकने एकेका बाजूने पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन शॉकच्या दोन्ही टोकांमधील अंतर दोन्ही स्थितींत नोंदवावे. शॉक पूर्ण दाबला जाण्याआधी बंप स्टॉप (वर जाणारी हालचाल थांबवणारा ठोकळा) टेकला पाहिजे, नाहीतर सगळा आघात शॉकच्या माउंटवर येतो. खाली जाताना शॉक पूर्ण ताणला जाण्याआधी लिमिट स्ट्रॅपने (मजबूत पट्ट्याने) हालचाल थांबवावी. याच वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, टायर कुठे घासत नाहीत ना आणि प्रोपेलर शाफ्टचे (चाकांच्या आसाकडे इंजिनाची ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) जोड अडत नाहीत ना, हे पाहावे. ताणलेल्या होजबाबत कोणतीही तडजोड करू नये. सुट्या स्प्रिंगची लांबी अपुरी असेल, तर चाक खाली गेल्यावर ती बैठकीतून निसटू शकते, तेव्हा तीही या मापांशी पडताळावी.

इतके करूनही उंची वाढवावीच लागली, तर ती गरजेपुरतीच वाढवावी. पॅनहार्ड रॉडच्या (चाकांचा आस आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) गाडीत उंचीबरोबर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून रॉडची लांबी जुळवून घ्यावी. हा रॉड ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) शक्यतो समांतर राहिला, तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढले जात नाही. कॅस्टर कोन (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्यास गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, त्यामुळे अलाइनमेंटही करून घ्यावी. टपावरचे जड सामान खाली आणल्याने जे स्थैर्य मिळते, ते कोणत्याही शॉकने मिळत नाही.

काम पूर्ण झाल्यावर पहिली फेरी सोप्या वाटेवर, हळू वेगात करावी आणि परतल्यावर प्रत्येक बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासावा.