अँबेसिडरला नवा पत्रा बसेना? मग या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

माझी गाडी १९७७ ची अँबेसिडर, मार्क ३. पुढचे दोन्ही मडगार्ड आणि ड्रायव्हर साइडचा दरवाजा गंजून चाळण झालेला, म्हणून नवे पत्रे मागवले आणि अक्कलकोट रोडला एका गॅरेजात गाडी टाकली. पंधरा दिवसांनी बघायला गेलो तर रंगबिंग मारून चकाचक, लांबून एकदम भारी, आणि जवळ गेलो तर दरवाजा आणि मडगार्डच्या मधे वरच्या बाजूला काडेपेटीची काडी जाईना आणि खाली करंगळी आरामात जातेय. मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो, "साहेब, सोलापूरचं ऊन आहे की, पत्रा फुगायलाय."

आधी हे उन्हाचं मिटवून टाकतो. मीटरभर लांब लोखंडी पत्रा ३० डिग्रीने तापला तर वाढतो किती, साधारण ०.३५ मिमी. बास. त्यात दरवाजा तापतो तसा शेजारचा मडगार्डही तापतोच. मे महिन्यात ४३ डिग्रीत सात रस्ता चौकात दिवसभर गाडी उभी करा, करंगळीएवढी फट उन्हानं पडत नाही. ऊन वाट लावतं ती जाड लांबीची (पत्र्यावर भरतात ती पुट्टी), ते खाली येईलच.

मग सगळे नव्या पत्र्याला शिव्या घालतात. त्यात थोडं तथ्य आहे. अँबेसिडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला, आता जे मिळतं ते एकतर पडून राहिलेला जुना माल नाहीतर बाहेर कुठंतरी बनवलेला, आणि असा बाहेरचा माल दोनचार मिमी इकडंतिकडं निघतोच. शिवाय दुकानदार "अँबेसिडरचं सगळं एकच असतंय" म्हणून काहीही गळ्यात मारतो, पण १९७९ ला मार्क ४ आली तेव्हा पुढचं तोंड बदललं, ग्रिल लहान झाली, त्यामुळे मार्क बघूनच घ्या. आणि जुना पत्रा भंगारवाल्याला लगेच देऊ नका! नवा आणि जुना शेजारी शेजारी सतरंजीवर ठेवून भोकं, कडा, बाक सगळं जुळवून बघा. माझे जुने मडगार्ड मी किलोवर विकून मोकळा झालो होतो, नंतर माप घ्यायला काहीच नाही.

पण खरी गोम बहुतेक वेळा बॉडीत असते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळे दरवाजाखालचे सिल (उंबरठ्यासारखे लांब पत्रे) गंजले की गाडी मधून बसते आणि दरवाजाचं भोकच वाकडं होतं. मग त्यात नवा काय आणि जुना काय, कुठलाच दरवाजा सरळ बसणार नाही. टेप घेऊन भोकाचे दोन्ही कर्ण मोजा, तेच दुसऱ्या बाजूला मोजा, फरक आला तर आधी बॉडीचं काम. सिल कापायचा असेल तर कापण्याआधी दरवाजाच्या भोकात अँगल वेल्ड करून आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू कापा, दोन्ही एकदम कापल्या तर गाडीचं केळं होतं. माझ्याकडं तर आणखी मजा, पुढचं टोक जॅकवर, चाकं काढलेली, आणि तसंच फिटिंग केलेलं. गाडी खाली उतरवली की सगळ्या फटी बदलल्या. फिटिंग करताना गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, हवा सारखी भरलेली पाहिजे.

आता क्रम. आमच्या मिस्त्रीनं सुरुवात बॉनेटपासून केली, कारण ते आधी दिसतं. एकदम उलटं. मागचा भाग हलत नाही, म्हणून मागून पुढे यायचं: आधी मागचा दरवाजा मागच्या पत्र्याला जुळवा, मग पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाला, मग मडगार्ड, आणि बॉनेट शेवटी. पुढून सुरू केलं की सगळी चूक ढकलत ढकलत मागं जाते आणि तिथं जिरवायला जागाच नसते.

दरवाजा लावताना स्ट्रायकर (बॉडीवरचा, ज्यात दरवाजाचं लॉक अडकतं तो तुकडा) काढून ठेवा. तो असला की लॉक त्यावर चढतं, दरवाजा उचलला जातो आणि आपल्याला वाटतं झकास बसला. अर्धा दरवाजा उघडून टोकाला धरून वर उचला, खटखट वाजलं तर बिजागरीची पिन गेलेली आहे, ती बदलल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. आणि दरवाजा मागून बाहेर राहतोय म्हणून ठोकायला घेण्याआधी रबर काढून बघा, नवं रबर कडक असतं, पुष्कळदा तेच ढकलत असतं.

मडगार्ड बोल्टवर आहे, त्याच्यामागे कुठं एक वॉशर, कुठं तीन असे असतात. ते काढताना कुठल्या बोल्टला किती ते लिहून ठेवा, फोटो काढा, त्या वॉशरवरच फट ठरते. भोक जुळत नसेल तर कानशीने लांबट करा, पहारीनं ओढून बोल्ट कसू नका, ताणून बसवलेला पत्रा खड्ड्यांनी परत सरकतो, आणि आपल्याकडं खड्ड्यांची कमी नाही.

फट ४-५ मिमी आली तरी चालेल, वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. फॅक्टरीतून तरी कुठं केसाएवढी यायची!

फट मोठी असली की लांबी भरून कड वाढवायची, हा सगळ्यात फेमस गुन्हा. दरवाजा आपटून आपटून ती कड तुटते. लांबी ३ मिमीच्या वर चढवली की उन्हात पत्र्याबरोबर ती नीट ताणत नाही आणि तडा जातो. कड वाढवायचीच तर पातळ तार टाके मारत वेल्ड करा आणि ग्राइंडरनं हळू घासा. कड जास्त असेल तर मात्र दरवाजाची दुमडलेली घडी घासू नका, घडी उघडली की बाहेरचा पत्रा सुटतो. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही, एक टाका इथं, एक लांब तिथं, मधे गार होऊ द्यायचं. नाहीतर पत्र्याचा पापड.

आणि रंग शेवटी ओ, शेवटी! आधी रबर, लॉक, काचा, सगळं लावून सुकी फिटिंग, कारण काच बसली की दरवाजाचं वजन वाढतं आणि तो थोडा खाली येतो. सगळं जुळलं की बिजागरीतून पत्र्यात ३ मिमीची दोन भोकं पाडून ठेवा, रंगानंतर त्याच भोकात ड्रिलचा बिट घालून दरवाजा परत जागेवर येतो. रंगाचा थरही दोन्ही कडांवर चढतो, तेवढी जागा आधीच सोडा.

मी हे सगळं दुसऱ्यांदा केलं, नवा रंग खरवडून, म्हणजे पैसे दोनदा गेले. दरवाजे आता एका बोटानं लागतात. बॉनेटचा उजवा कोपरा अजून दोन मिमी वर आहे, खालची रबरी गुट्टी जास्त उंच आहे, रविवारी कापणार आहे.