स्लॅगमधून पाझरणारं क्रोमियम कसं आवरलं

आमच्या स्टेनलेस स्टीलच्या आर्क फर्नेसचा, म्हणजे विजेच्या भट्टीचा, स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी) थंड झाला की त्याची पांढरट भुकटी व्हायची. ती ढवळून गाळलेल्या पाण्यात आम्ल आणि डायफेनिलकार्बाझाइड टाकलं की जांभळा रंग चढायचा. म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, तेच ते विषारी.

भुकटी डायकॅल्शियम सिलिकेट या चुना-सिलिकेच्या खनिजामुळे. साधारण ५०० अंश सेल्सिअसखाली त्याचं बीटा स्फटिकरूप गॅमा रूपात बदलतं, आकारमान १० टक्क्यांहून जास्त वाढतं आणि दगड आपोआप फुटतो. क्रोमियमचं दुखणं निराळं. सगळे एकूण क्रोमियमचे आकडे बघत होते. ते कोणत्या खनिजात बसलंय, हाच खरा प्रश्न. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची पद्धत) कॅल्शियम क्रोमाइट दिसलं. तापलेलं असताना हवा लागली की त्याचं क्रोमेट होतं, आणि ते पाण्यात उतरतं. मॅग्नेशियम क्रोमाइट स्पिनेल हे खनिज मात्र पाण्याला दाद देत नाही.

मग क्रोमियम चुन्याऐवजी स्पिनेलमध्ये बसावं म्हणून बेसिसिटी, म्हणजे चुना भागिले सिलिका, २ वरून १.५ च्या खाली आणायची ठरवली. भट्टीतच उतरवली तर मॅग्नेशियाचं अस्तर झिजतं आणि गंधक निघत नाही. म्हणून कोरडी (ओली तर मुळीच नको, स्फोट होईल) सिलिका वाळू स्लॅग ओततानाच धारेत सोडली. स्लॅगचं भांडं झाकून सावकाश थंड केलं, त्यामुळे स्पिनेलचे स्फटिक मोठे झाले. आता डायकॅल्शियम सिलिकेटऐवजी मर्विनाइट (चुना, मॅग्नेशिया आणि सिलिकेचं खनिज) आणि स्पिनेल दिसतात, ढेकळं टिकतात, रंग जेमतेम चढतो. स्लॅग कमी तापलेला आला तर वाळू विरघळत नाही. तो ढीग वेगळा ठेवतो.