गरवायला नेण्याचे पैसे

गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, नेलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाकडून मी दीड हजार रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर गेलो, तर आमच्या वाडीतले एक आजोबा तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा, गुंता सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मासो इकलंस तर समाजता, झिला. तू जागो इकतंस."

याला सहा वर्षं झाली. देवगड ते विजयदुर्ग या पट्ट्यात मी अजूनही पैसे घेऊन लोकांना गरवायला नेतो, आणि आजोबांना देण्याजोगं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. हल्ली गावातली आणि बाहेरची पोरं विचारायला येतात: गाइड व्हायचंय, रॉड कुठला घेऊ, रील किती नंबरचं, दर काय लावू? हे सगळं दहा मिनिटांत सांगून होतं. सात-आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, चार हजार नंबरचं रील, वीस-तीस पौंडाची ब्रेडेड लाइन आणि पुढे जाड लीडर, म्हणजे गरीजवळचा दोरीचा तुकडा. कारण खडपाला, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाला, घासलं की ब्रेड दोऱ्यासारखी तुटते. दर शेजारच्या गावात काय चाललाय तो बघा. कोणी विचारत नाही ते वेगळंच असतं. ज्या गरवणाऱ्यांमध्ये तुम्ही आयुष्य काढणार, ते तुम्हाला काय समजतात? मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं एवढी जड गेली नसती.

गावापासून सुरुवात करतो. आमच्याकडे खडपांना नावं असतात आणि प्रत्येक जागेमागे कोणाची तरी वर्षं गेलेली असतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागून तासभर झाला की अमुक कपारीपाशी तांबोशी येते, तमुक ठिकाणी पाणी गढूळ असेल तर गरी टाकूच नये, असली माहिती माझ्या बाबांनी वीस वर्षं थंडी-वाऱ्यात उभं राहून जमवली. ती त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितली नाही. मला सांगितली ती मुलगा म्हणून. मी ती पुण्याच्या माणसाला शनिवारी सकाळी दाखवली. मग आजोबांचं काय चुकलं?

त्यांच्या म्हणण्याला व्यवहाराचीही बाजू आहे. दाखवलेली जागा परत मागता येत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने मासा हातात धरून फोटो टाकला आणि मागे दीपगृह स्पष्ट दिसत होतं. पुढच्या रविवारी त्या खडपावर सात अनोळखी माणसं उभी होती, आणि संध्याकाळी कपारीत तुटलेली लाइन, वेफर्सच्या पिशव्या नि एक मेलेला पाणकावळा तंगुसात अडकलेला. तो पाणकावळा मी सोडवून काढला, तेव्हा बाबा शेजारी उभे होते. बोलले काही नाहीत. त्या दिवसापासून माझा नियम आहे: फोटो खाली वाकून, मागे फक्त पाणी किंवा आभाळ. फोनचं लोकेशन बंद. आणि घरच्या तीन जागा मी कोणालाच दाखवत नाही, कितीही पैसे दिले तरी. तुम्हीही पहिल्या दिवशीच ठरवून टाका की आपल्या कुठल्या जागा विकायच्या नाहीत. नंतर ठरवायला गेलात तर तोवर त्या विकल्या गेलेल्या असतात.

आता शहराकडचे. मुंबईतले जुने, मुरलेले हौशी गरवणारे गाइडला नाकं मुरडतात. त्यांच्यातल्या एकाने मला तोंडावर सांगितलं, "गाइड घेणं म्हणजे कॉपी करून पास होणं." त्यांनी ट्रॉम्बे, उरण, अलिबागच्या खडकांवर स्वतः ठेचा खाल्ल्या आहेत, रात्र रात्र रिकाम्या हाताने घरी गेलेत. नवा पोरगा पैसे मोजून पहिल्याच दिवशी जिताडा काढतो याचा त्यांना राग येतो. मी तो समजू शकतो. पण गंमत अशी की तेच गृहस्थ अंदमानला जाऊन मोठ्या कोकर माशाच्या पॉपिंगसाठी, म्हणजे पाण्यावर फटफटणारं खोटं आमिष (पॉपर) ओढून गरवण्यासाठी, बोट आणि गाइड दोन्ही घेतात. तिथे ते चालतं, कारण तिथलं पाणी त्यांना परकं आहे. देवगडचं पाणी मात्र आपलंच, असं त्यांना वाटतं.

उलट बाजूचे लोकही भेटतात. फोंडा घाट उतरून येणारा कोल्हापूरचा एक डॉक्टर म्हणाला, "मला वर्षात सहा रविवार मिळतात. त्यातले पाच जागा शोधण्यात घालवू का?" या माणसाला तुमची गरज आहे आणि तो ती लपवत नाही. असे लोक टिकतात, दर वर्षी येतात, हापूसच्या दिवसांत पेटीही घेऊन जातात. मधल्या मधल्यांचा त्रास जास्त. त्यांना गाइड हवा असतो, पण गाइडमुळे मासा मिळाला असं कोणी म्हटलेलं नको असतं.

ही गोष्ट मी एका तांबोशीमुळे शिकलो. पुण्याचा एक तरुण होता, महागडं जपानी रील, कोरे बूट. संध्याकाळी पाणी उतरत असताना त्याच्या पॉपरवर फाटकन मारा झाला. तांबोशी मारा केल्यावर पळून जात नाही, वळून आपल्या कपारीत शिरते. तुमच्याकडे फार तर तीन-चार सेकंद असतात. त्याचा ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, ढिला होता, रील नुसतं किरकिरत होतं. मी पुढे होऊन त्याच्या रीलची चकती दोन फेरे आवळली आणि रॉडला खालून हात दिला. मासा वर आला, तीन किलोच्या आसपास. मी खूश. तो मात्र गप्प. गाडीत बसताना म्हणाला, "मासा तुम्ही काढलात." आणि परत कधी आला नाही.

नंतर कळलं की तो त्याच्या जागी बरोबर होता. विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए नावाची जागतिक संस्था १९३९ पासून आहे. तिच्या नियमात मासा ओढत असताना दुसऱ्या कोणी रॉड, रील किंवा लाइनला हात लावला तर ती पकड बाद धरतात. आपल्याकडे विक्रमाला कोण जातंय, पण भावना तीच असते. तेव्हापासून मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. ड्रॅग आधीच तपासतो, कपार कुठे आहे ते बोटाने दाखवतो, आणि मासा लागला की फक्त तोंडाने: "रॉड डावीकडे. खाली नको. आता फिरवा." जाळी मात्र माझ्या हातात. मासा सुटला तर सुटला. सुटलेल्या माशाबद्दल गिऱ्हाईक स्वतःला शिव्या देतं, हिसकावलेल्या माशाबद्दल तुम्हाला.

मग पैसे कशाचे घेतो आपण? माझ्या मते पाण्याच्या वेळेचे. कोकणातला म्हातारा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतो: चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरणार आणि नऊच्या सुमाराला पार उतरणार. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला सुकती. हा हिशोब मोबाइलवरही मिळतो, आणि नवीन पोरं तोच बघतात. पण मुंबईच्या भरतीचं कोष्टक घेऊन देवगडला उभं राहिलात तर चुकाल. भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून आमच्याकडे ती मुंबईच्या आधी येते, आणि पाणीही मुंबईइतकं चढत नाही. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराचं पाणी, यांत जमीन-अस्मानाचा फरक. भांगाला खाडीत पाणी नुसतं पडून राहतं, जिताडा हलत नाही. त्या दिवसांसाठी बुकिंग आलं तर मी सरळ सांगतो, चार दिवसांनी या. दोन गिऱ्हाइकं गमावली असतील त्यामुळे. पण जुन्या गरवणाऱ्यांत माझं नाव थोडं सुधारलं ते याच कारणाने. "तो नको म्हणतो" असं ते माझ्याबद्दल सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ही तारीफच असते.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे मतलई वारा असतो तोवर पाणी तेलासारखं. दुपारी खारा वारा सुटला की खडपावर उभं राहणं धोक्याचं. समुद्राकडे पाठ करून कधी उभं राहायचं नाही, आणि नव्या खडपावर गेलं की आधी दहा मिनिटं नुसत्या लाटा बघायच्या, कारण मोठ्या लाटा झुंडीने येतात. शेवाळावर घसरलं की कालवं तळहात सुरीसारखा फाडतात. माझ्या डाव्या हातावर अजून खूण आहे. गिऱ्हाईक लाइफ जॅकेट नको म्हणालं तर मी पैसे परत देतो आणि घरी जातो. यात वाद नाही.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ते. शहरातले बरेच अँगलर मासा पकडून सोडतात. वाडीत हे कोणाला पटत नाही. माझी आई म्हणते, "खाऊचा नाय तर मग तेका त्रास कित्याक?" तिला मी आजवर पटवू शकलो नाही. आणि सोडणाऱ्यांमधलेही काही जण मासा पंधरा मिनिटं उन्हात धरून वीस फोटो काढतात नि मग पाण्यात टाकून म्हणतात, "गेला बघा पोहत." तो कुठे पोहतो! सोडायचाच असेल तर गरीचा काटा आधीच पकडीने दाबून घ्यावा, हात ओले करावेत, मासा पाण्याबाहेर श्वासभर ठेवावा. खोल पाण्यातून ओढलेल्या गोबऱ्याचा पोटातला हवेचा फुगा फुगतो, तो वर सोडला तरी तळाला जाऊ शकत नाही. म्हणून तो घरी न्यावा. मोठा जिताडा मात्र मी सोडायला लावतो. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा मासा मारला की अंडी देणारी मादीच गेली. हे सांगितल्यावर आजोबा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "ह्या माका म्हायत नव्हता."

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. मासेमारीची नोंदणी असलेली होडी वेगळी आणि पैसे घेऊन माणसं नेणारी होडी वेगळी; प्रवासी परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून लागतो. चुलत्याची होडी आहे म्हणून गिऱ्हाईक बसवून नेलंत आणि काही झालं, तर विमा नाही, वाली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियम विचारल्याशिवाय गरी टाकू नका. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं किनाऱ्यावरूनच काम केलं, होडीच्या भानगडीत पडलो नाही.

पैशाचं म्हणाल तर पावसाळ्याचे चार महिने हातात काही नसतं, आणि नवरात्रापासून मेपर्यंत शनिवार-रविवारच भरतात. माझी आंब्याची कलमं नसती तर हे जमलं नसतं. निम्मी रक्कम आधी घ्या, आणि मासा मिळाला नाही तर पैसे परत असं कधीही कबूल करू नका. तसं कबूल करणारे दोघे आमच्याकडे होते. मासा नाही मिळाला की ते दुसऱ्याच्या राखलेल्या जागेवर गिऱ्हाईक घेऊन जायचे. त्यांच्याशी आता जेटीवर कोणी बोलत नाही.

गेल्या दिवाळीत आजोबांचा फोन आला. मुंबईहून नातू आलाय, हट्ट धरलाय, त्याला घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, "आजोबा, तुम्हीच न्या की. तुमच्यापेक्षा मला काय जास्त कळतं?"

"माझे गुडघे खयचे आता. तू ने. पैशे घी त्येच्याकडसून, फुकट नेव नको." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ता माझा खडप दाखव नको."