ऑटोकॅडमध्ये डॅश लाईन सलग दिसते, टेक्स्ट गायब होतं? स्केल असं लावा

मागे एकदा बंगल्याचा प्लॅन प्लॉट करून साइटवर पाठवला आणि तासाभरात फोन, "साहेब, हॉलच्या मधोमध भिंत आहे का?" भिंत कसली, वरच्या बीमची हिडन लाईन (झाकलेली किंवा डोक्यावरची गोष्ट दाखवणारी तुटक रेघ) होती ती, प्लॉटमध्ये सलग आली होती. स्क्रीनवर मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे आपण खऱ्या मापात ड्रॉइंग काढतो तिथे, अगदी मस्त तुटक दिसत होती. तेव्हापासून मी हे सगळं सुरुवातीलाच लावून घेतो.

आधी कमांड लाईनला मेझरमेंट (MEASUREMENT) टाइप करून बघा, आपण मिमीमध्ये काम करतो म्हणजे १ हवं. ० असेल तर लाईनटाइप (रेघांचे नमुने) इंचवाल्या फाइलमधून लोड होतात आणि डॅश २५.४ पट बारीक येतो. आणि व्हॅल्यू बदलली तरी आधी लोड झालेले लाईनटाइप तसेच राहतात, ते अकॅडआयएसओ (acadiso.lin) फाइलमधून रीलोड करावे लागतात, इथेच बरेच जण फसतात.

मग एमएसएलटीस्केल (MSLTSCALE) १, पीएसएलटीस्केल (PSLTSCALE) १. पहिलं मॉडेलसाठी, दुसरं लेआउटसाठी (प्लॉट करायचा कागद), आणि दुसरं प्रत्येक लेआउटला वेगळं असतं, त्यामुळे जुन्या फाइलमध्ये एकेक टॅब उघडून तपासा. दोन्ही १ असले की व्ह्यूपोर्ट (लेआउटवर मॉडेल दाखवणारी चौकट) १:१०० असो की १:२०, कागदावर डॅश तेवढाच येतो.

आता राहिलं एलटीस्केल (LTSCALE), म्हणजे फाइलमधल्या सगळ्या लाईनटाइपचा एकत्र स्केल. मेट्रिक हिडनचा डॅश ६.३५ मिमी, गॅप ३.१७५. कागदावर हे मोठंच वाटतं म्हणून मी ०.५ ठेवतो. सेंटर लाईनचा तर एक पूर्ण पॅटर्न ५०.८ मिमीचा, म्हणजे एलटीस्केल १ ठेवलं तर १:१०० ला ३ मीटरची लाईन कागदावर ३० मिमी, त्यात पॅटर्न बसतच नाही आणि ती सरळ सलग दिसते! ०.५ ला २५.४ होतो, जेमतेम बसतो. त्याहून छोट्या लाईनला सेंटर२ हा छोट्या पॅटर्नचा लाईनटाइप द्या. एकेका लाईनचा स्केल प्रॉपर्टीजमधून बदलत बसू नका, पुढच्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात. शेवटी रीजेनऑल (REGENALL) मारा, म्हणजे ड्रॉइंग नव्याने काढलं जातं, नाहीतर काहीच बदललं नाही असं वाटतं.

टेक्स्टचं सोपंय, म्हणजे एकदा कळलं की. टेक्स्ट स्टाइलमध्ये अ‍ॅनोटेटिव्हवर (स्केलप्रमाणे उंची आपोआप बदलणारं) टिक करा, पेपर हाइट २.५ टाका, खाली उजवीकडे स्केल १:१०० निवडा आणि मगच लिहा, मॉडेलमध्ये ते आपोआप २५० उंचीचं होतं. डायमेन्शन स्टाइललाही तेच. व्ह्यूपोर्ट त्याच स्केलला लावून लॉक करा, लॉक विसरलात तर एका झूममध्ये सगळं फिस्कटतं.

१:२० च्या डिटेलमध्ये तेच टेक्स्ट दिसत नसेल तर ते डिलीट झालेलं नाही, त्याला तो स्केल दिलेलाच नाही. सिलेक्ट करून ऑब्जेक्टस्केल (OBJECTSCALE) कमांड, अ‍ॅड, १:२०. ऑटोस्केल (ANNOAUTOSCALE) चालू ठेवलं तर हे आपोआप होतं खरं, पण मग स्केल बदलला की दिसणाऱ्या प्रत्येक टेक्स्टला तो चिकटतो आणि नको तिथे गिचमिड होते. मी ते बंदच ठेवतो. दुसऱ्याच्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करून स्केल लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी वाढली असेल तर स्केललिस्टएडिट (SCALELISTEDIT) उघडून रीसेट दाबा, वापरात नसलेले स्केल निघून जातात.