स्टेम सेल कंपनीत नोकरी घेताय? आधी तिची ‘लीडरशिप टीम’ वाचायला शिका

एमएस्सीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. “मॅडम, हिंजवडीतल्या एका स्टेम सेल कंपनीची ऑफर आलीय. घेऊ का?” पगार, कंपनीची बस, बॉन्ड, सगळी चौकशी झालेली असते. मी विचारते, कंपनी चालवतं कोण? मग वेबसाइटवरच्या एका पानाचा स्क्रीनशॉट येतो. ओळीनं फोटो, प्रत्येकाखाली पदव्या आणि दोन ओळींची ओळख. हे पान कसं वाचायचं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या लॅबमध्ये पेशी वाढवण्यात आणि पुढे त्यांची गुणवत्ता तपासण्यात गेली, त्यामुळे माझी नजर त्या बाजूची आहे हे गृहीत धरा.

सीईओचा फोटो सध्या बाजूला ठेवा. आधी क्वालिटीचा प्रमुख शोधा. तो पानावर आहे का? असेल तर स्वतंत्र पदावर आहे, की ‘प्रॉडक्शन आणि क्वालिटी’ असं दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात आहे?

यावर मी एवढी अडून का बसते, ते सांगते. सलाइनची बाटली भरल्यावर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या उष्णतेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येते. इथे रुग्णाला द्यायचं औषध म्हणजे पेशीच, आणि त्या जिवंत असतात. त्यांना ती उष्णता सोसत नाही, आणि जंतू अडवणाऱ्या गाळणीतून त्या स्वतःच पार होत नाहीत. म्हणजे शेवटी निर्जंतुक करून घेऊ, ही सोय आपल्याकडे नाही. त्यातून स्टेरिलिटी टेस्टला, म्हणजे जंतू नाहीत ना हे बघायला, १४ दिवस लागतात आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जंतूच्या कल्चर टेस्टला २८. ताज्या पेशी मात्र काही तासांत रुग्णापर्यंत पोचाव्या लागतात. त्यामुळे ग्राम स्टेन (जंतू रंगवून बघण्याची झटपट चाचणी), एन्डोटॉक्सिन (जंतूंच्या विषाची चाचणी), जिवंत पेशींचं प्रमाण आणि बॅच रेकॉर्ड (त्या खेपेच्या कामाची सगळी नोंद) एवढ्यावर कोणीतरी सही करून बॅच सोडतं. पूर्ण रिपोर्ट हातात येतो तेव्हा पेशी रुग्णाच्या शरीरात गेलेल्या असतात.

अशी एक संध्याकाळ सांगते. बॅच रेकॉर्ड माझ्या टेबलावर होतं. आकडे बरे होते, पण इनक्युबेटरच्या आलेखात कार्बन डायऑक्साइडची रेषा दुपारी मध्येच खाली गेली होती आणि त्या वेळेसमोरचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. लाइट गेली होती, जनरेटर उशिरा लागला, आणि कोणी ते लिहिलं नव्हतं. फोनवर प्रॉडक्शनचे सर, “मॅडम, पेशंट अ‍ॅडमिट आहे, डॉक्टर थांबलेत.” मी सही केली नाही. ती बॅच टाकून दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नोकरीला धक्काही लागला नाही, कारण मी रिपोर्ट करत होते थेट मॅनेजिंग डायरेक्टरांना. प्रॉडक्शनच्या साहेबांना माझ्यावर दबाव आणायला जागाच नव्हती. ती जागा कंपनीच्या रचनेनंच बंद केलेली होती.

तेव्हा मुलाखतीत सरळ विचारा, “सर, क्यूए, म्हणजे क्वालिटीचं खातं, कोणाला रिपोर्ट करतं?” उत्तर ‘प्लांट हेडला’ असं आलं तर सावध व्हा. औषध उत्पादनाच्या सरकारी नियमांत, शेड्यूल एममध्येही क्वालिटीचं खातं प्रॉडक्शनपासून स्वतंत्र असावं अशी अपेक्षा आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

आता वैज्ञानिक संस्थापक. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, नाव टाका आणि पेपर किती आहेत ते मोजत बसू नका. कंपनी ज्या पेशींचं उत्पादन करते त्याच पेशींवर या माणसाचं काम आहे का, ते बघा. मेसेन्कायमल पेशी (अस्थिमज्जा, चरबी अशा ठिकाणी मिळणाऱ्या स्टेम सेल) विकणाऱ्या कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञाचं सगळं आयुष्य वनस्पतींच्या टिश्यू कल्चरमध्ये गेलं असेल, तर प्रत्यक्ष विज्ञान कोण बघतं हे विचारायलाच हवं. पेपर मागे घेतले गेलेत का तेही पाहा. पबमेडवर तशी नोंद स्पष्ट दिसते. सल्लागार मंडळातल्या मोठ्या नावांना मात्र फार वजन देऊ नका. ती मंडळी रोज लॅबमध्ये येत नाहीत.

संस्थापकाला त्या आजाराशी काय देणंघेणं आहे, हेही मी बघते. अमेरिकेतले स्टेम सेल शास्त्रज्ञ डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना, सॅम आणि एमाला, टाइप १ मधुमेह. त्या दोघांच्या नावांवरून त्यांनी कंपनीला सेमा हे नाव दिलं आणि स्टेम सेलपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवण्याच्या मागे ते वर्षानुवर्षं लागले. २०१९मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीनं ती कंपनी ९५ कोटी डॉलरना घेतली, तरी काम थांबलं नाही.

सगळीकडे असं घडत नाही. म्हणून आता सीईओ. अमेरिकेतल्या जेरॉन कंपनीनं २०१०मध्ये मानवी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींची जगातली पहिली चाचणी सुरू केली, मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवर. सप्टेंबर २०११मध्ये नवे सीईओ आले आणि नोव्हेंबरात पैशांचं कारण देऊन तो सगळा कार्यक्रम बंद झाला. कंपनी कॅन्सरच्या औषधांकडे वळली. उलट ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्ट या स्टेम सेल कंपनीचे संस्थापक सिल्व्हियू इटेस्कू आजही सीईओ आहेत. त्यांच्या उत्पादनाला अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, २०२०मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये नकार दिला, डिसेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. या क्षेत्रात माल बाजारात यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. म्हणून सीईओची एमबीए कुठली यापेक्षा तो आधीच्या कंपन्यांत किती काळ टिकला आणि पैसा संपत आला तेव्हा त्यानं काय केलं, ते शोधा.

पुढचं काम घरबसल्या होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की संचालकांची नावं आणि नेमणुकीच्या तारखा दिसतात. त्या वेबसाइटवरच्या फोटोंशी ताडून बघा. फोटोतले ‘डायरेक्टर’ कागदावर संचालक नसतात असं पुष्कळदा आढळतं. तो गुन्हा नाही, पण जबाबदारी खरी कोणाची हे कळतं. थोडी फी भरली की वार्षिक ताळेबंदही बघायला मिळतात. त्यात नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार आणि ऑडिटर बदलल्याच्या नोंदी वाचा. घरातला कोणी सीए असेल तर त्याला शेजारी बसवा.

मेडिकल हेड डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघा. मग सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिथे कंपनीचं नाव शोधा. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर रुग्णावर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. रीतसर वाटेनं जाऊन मंजुरी मिळते. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या उत्पादनाला बर्गर्स डिसीज (हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा आजार) यासाठी २०१६मध्ये औषध महानियंत्रकांची मर्यादित मान्यता मिळाली, ती चाचण्या करूनच. वेबसाइटवर ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर ‘पॅकेज’ असेल आणि सीटीआरआयवर काहीच सापडत नसेल, तर तिथे रुजू होऊ नका. त्या बॅच रेकॉर्डवर उद्या तुमची सही असणार आहे.

कॉर्ड ब्लड बँकेची, म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त पुढच्या गरजेसाठी गोठवून ठेवणाऱ्या कंपनीची, ऑफर असेल तर आणखी एक बघा. द्रव नायट्रोजनच्या टाक्यांच्या तापमानाची नोंद रोज कोण तपासतं, आणि अलार्म वाजला तर फोन कोणाला जातो? सिंगापूरच्या कॉर्डलाइफ या अशाच बँकेत काही टाक्यांचं तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं ते जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी माहिती उघड करण्याच्या नियमांवरून संचालकांपैकी काहींना अटक झाली. ज्या आईबापांनी बाळाच्या नावानं पैसे भरले, त्यांच्यासाठी ती टाकी म्हणजे एक दिलेला शब्द होता. हे मनात आलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातल्या, नव्या कंपन्यांना जागा देणाऱ्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी वाढणाऱ्या छोट्या कंपन्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे टीम दोन-तीन जणांची असते आणि संस्थापकच फ्लास्क धुतो. शिकायला मी अशी जागा आवर्जून सुचवते. एवढंच विचारा, की संस्थापकानं स्वतः वाढवलेली बॅच तपासतं कोण? ‘बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतो’ हे चांगलं उत्तर आहे.

सोडून गेलेल्या माणसांशीही बोला. पुण्यात हे वर्तुळ लहान आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत किंवा आयसर या विज्ञान संस्थेत पीएचडी करणारं ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच, आणि त्याला त्या कंपनीतला जुना माणूस ठाऊक असतो. मालक कसा आहे हे विचारू नका, लोक मोघम बोलतात. क्वालिटीचे प्रमुख किती वेळा बदलले आणि का, ते विचारा.

शेवटचा प्रश्न मुलाखतीच्या अखेरीस, समोरचे ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा. “अलीकडे कुठली बॅच रिजेक्ट केली आणि कशामुळे?” चांगला प्रमुख क्षणभर आठवतो आणि सांगतो, पेशींच्या खाद्यात घालायच्या सीरमचा लॉट खराब निघाला, किंवा पेशी नीट चिकटल्याच नाहीत. मग पुढे काय बदललं तेही सांगतो. ‘आमच्याकडे बॅच फेल होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर तिथे एक तर तपासत नाहीत किंवा लिहीत नाहीत. अशा कंपनीच्या बॉन्डवर सही करू नका, पगार कितीही असो.