जुने गेम आज खेळायचे तर नेमकं काय घ्यायचं?

आधी एवढं आठवा की तुमचा गेम होता कशावर. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या डब्यावर (कॉन्ट्रा, मारिओ), पार्लरमध्ये (मुस्तफा), का कॉम्प्युटरवर (आयजीआय, व्हाइस सिटी). कारण तिघांचे रस्ते वेगळे आहेत आणि लोक सरसकट काहीतरी मागवून बसतात.

कॉम्प्युटरवाल्यांचं सगळ्यात सोपं आहे, स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या साइट्सवर सर्च मारायचा. आयजीआय तिथे मिळतो, एज ऑफ एम्पायर्स २ ची तर २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन आहे आणि माझ्या मते ती जुन्यापेक्षा भारी आहे. घाई नको, विशलिस्टला टाका, सेल लागला की घ्या. कपाटातली विंडोज ९५ च्या काळातली सीडी काढून डोकं आपटत बसू नका, बऱ्याचदा गेम चालला असता पण त्याचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असतो आणि आजचं ६४ बिट विंडोज १६ बिटचं काही उघडतच नाही. डॉसचे (विंडोजच्या आधीच्या काळातले) गेम म्हणजे डेव्ह वगैरे असतील तर डॉसबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाका, गेम सुसाट पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ११ दाबत राहा, स्पीड खाली येतो. व्हाइस सिटीची जुनी कॉपी असेल तर सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर ऑनच ठेवा, नाहीतर गाड्या काहीच्या काही वागतात.

कॅसेटवाल्यांनी पण आधी ऑफिशियल बघावं. कोनामीचं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन आहे ना, त्यात आपला तोच कॉन्ट्रा आहे, ३० लाइफचा कोडसुद्धा चालतो (वर वर खाली खाली, पुढचं हाताला आठवेल). नसेल मिळत तर रेट्रोआर्कसारखा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), फक्त नेटवरून रॉम (गेमची फाइल) उतरवणं कॉपीराइटमध्ये बसत नाही हे माहीत असू द्या. मोबाइलवर खेळणार असाल तर ब्लूटूथ कंट्रोलर घ्याच, काचेवर बोट घासून कॉन्ट्रा होत नाही. टीव्हीवर खेळताना उडी उशिरा पडतीये असं वाटलं तर टीव्हीचा गेम मोड लावा आणि चित्र ४:३ करा, ताणलेला मारिओ बघवत नाही.

ते हजारो गेमवाले एचडीएमआय स्टिक मात्र मी कोणाला सांगणार नाही. तेच गेम नाव बदलून परत परत, आणि सोबतचा रिमोट भिकार.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तो त्या काळी घरच्या कन्सोलवर आलाच नाही, त्यामुळे तिथे इम्युलेटरच.

आणि डक हंट (टीव्हीवर बंदूक रोखून बदकं मारायचा गेम) हवा असेल तर वरचं सगळं विसरा. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि तो उजेड बंदुकीतला सेन्सर पकडतो. एलसीडी तो चौकोन जरा उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीचं बघणं संपलेलं असतं, म्हणून नेम कितीही धरा, बदक पडत नाही. त्याला जुना डबा टीव्हीच लागतो. जुन्या बाजारात घेणार असाल तर दुकानातच प्लग लावून बघा, आणि मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन आहे का ते आधी तपासा.